मुख्य तांत्रिक परीक्षक संघटना : स्थापना आणि वाटचाल

मुख्य तांत्रिक परीक्षक संघटना आज केंद्रीय दक्षता आयोगाची तांत्रिक शाखा म्हणून ओळखली जाते, पण वयाने ती आयोगापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे. आयोग अस्तित्वात आला १९६४ मध्ये. संघटना स्थापन झाली १९५७ मध्ये. तत्कालीन बांधकाम, गृहनिर्माण व पुरवठा मंत्रालयाने तिला केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांचे तांत्रिक लेखापरीक्षण सोपवले. खर्चात काटकसर व्हावी आणि कामांवर तांत्रिक व आर्थिक नियंत्रण राहावे, एवढीच त्यामागची अपेक्षा होती. भ्रष्टाचाराच्या शोधाचे काम तिच्या गळ्यात नंतर पडले.

काळ दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा होता. योजनेत सार्वजनिक क्षेत्रासाठी ४,८०० कोटी रुपयांची तरतूद होती. भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूरचे पोलाद कारखाने उभे राहत होते आणि राजधानीत सरकारी कचेऱ्या व कर्मचारी वसाहतींची कामे निघत होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे मूळ १८५४ पर्यंत मागे जाते, त्यामुळे त्याच्याकडे नियमांची आणि नमुन्यांची वाण नव्हती. पण विभाग स्वतःच अंदाजपत्रक करी, स्वतःच निविदा काढी, कामावर देखरेख ठेवी आणि बिलेही स्वतःच मंजूर करी. बाहेरची तपासणी होती ती फक्त महालेखापालांच्या लेखापरीक्षकांची. ते काम संपल्यावर येत आणि कागद पाहत. गिलाव्यामागची वीट पहिल्या प्रतीची आहे की नाही, पायात सिमेंट ठरल्या प्रमाणात पडले की नाही, हे व्हाउचरवरून कळत नाही. नव्या संघटनेची कल्पना त्यामुळेच वेगळी होती. तपासणारा माणूस हिशेबनीस नसून अभियंता असावा, त्याने दप्तराबरोबर प्रत्यक्ष जागाही पाहावी आणि काम चालू असतानाच यावे. यातली तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. चालू कामात चुकीची दुरुस्ती होऊ शकते, जादा दिलेले पैसे पुढच्या बिलातून कापता येतात आणि जमिनीखाली गाडले जाण्याआधी वस्तू मोजता येते.

या तपासणीचा केंद्रबिंदू कळण्यासाठी सरकारी बांधकामात पैसा कसा सुटतो ते पाहावे लागते. कनिष्ठ अभियंता जागेवर टेप लावून झालेले काम मोजतो आणि मोजमाप पुस्तकात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एमबी’त, नोंदवतो. या पुस्तकाला पाननंबर असतात. पान फाडता येत नाही, खोडाखोड करायची तर सही करावी लागते. विभागाच्या जुन्या नियमाप्रमाणे वरच्या सहायक अभियंत्याने निम्म्या मोजमापांची आणि कार्यकारी अभियंत्याने दहा टक्के मोजमापांची स्वतः फेरतपासणी करायची असते. या नोंदींवरून चालू बिल तयार होते. सिमेंटच्या गोदामाला दोन कुलपे, एकाची किल्ली विभागाकडे आणि दुसऱ्याची कंत्राटदाराकडे. रोज किती गोण्या निघाल्या याची वेगळी नोंदवही. कागदावर ही साखळी भक्कम आहे. पण तिची प्रत्येक कडी एकाच कार्यालयातल्या माणसांच्या हातात असते आणि ती माणसे कंत्राटदाराबरोबर वर्षानुवर्षे काम करतात. सगळ्यांचे जमले की दोन्ही किल्ल्या एकाच खिशात जातात.

हे जमणे किती सर्रास होते, ते १९६४ मध्ये सरकारच्याच एका समितीने लिहून ठेवले. संसदेत भ्रष्टाचारावर झालेल्या चर्चेनंतर १९६२ मध्ये गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली भ्रष्टाचार प्रतिबंधक समिती नेमली. संथानम समितीचा अहवाल आजही उद्धृत होतो तो त्याच्या स्पष्टपणामुळे. सरकारी बांधकाम, खरेदी आणि विक्रीच्या व्यवहारांत ठरावीक टक्केवारी दिली जाते आणि ती संबंधित अधिकाऱ्यांत ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते, असे समितीने नमूद केले. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत ही टक्केवारी साधारण सात ते अकरा असते आणि तिचे वाटेकरी मुख्यतः कार्यकारी अभियंता व त्याखालचे असतात, असे समितीला सांगण्यात आले होते. फाइल लवकर हलावी म्हणून दिल्या जाणाऱ्या पैशाचीही तिने दखल घेतली. काम चुकीचे करून घेण्यासाठी दिलेल्या लाचेपेक्षा हक्काचे काम वेळेत व्हावे म्हणून दिलेला पैसा जास्त पसरलेला असतो, हे निरीक्षण बांधकामाच्या बिलांना तर तंतोतंत लागू पडते. अडलेले बिल हे टक्केवारी गोळा करण्याचे सर्वांत सोपे साधन आहे.

समितीचा अंतिम अहवाल येण्याआधीच तिच्या शिफारशीनुसार ११ फेब्रुवारी १९६४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. म्हैसूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती निट्टूर श्रीनिवास राव हे पहिले केंद्रीय दक्षता आयुक्त. तांत्रिक परीक्षकांची संघटना अधिक बळकट करून या आयोगाकडे द्यावी, असेही समितीने सुचवले होते. ज्या मंत्रालयाच्या कामांची तपासणी करायची त्याच मंत्रालयाच्या हाताखाली राहून ती निर्भीडपणे होणार नाही, हा त्यामागचा विचार. नोव्हेंबर १९६४ मध्ये संघटना आयोगाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली गेली. या बदलीचा परिणाम नावापुरता नव्हता. पूर्वी परीक्षकाचा शेरा विभागाच्या वरिष्ठांकडे जाई आणि तिथे त्याचे काय होईल ते वरिष्ठांच्या मर्जीवर असे. आता त्याच शेऱ्यातून शिस्तभंगाची कारवाई किंवा केंद्रीय अन्वेषण विभागाचा तपास सुरू होण्याची वाट मोकळी झाली. कार्यक्षेत्रही हळूहळू वाढले. केंद्राची मंत्रालये, केंद्रशासित प्रदेश, सार्वजनिक उपक्रम, राष्ट्रीयीकृत बँका, बंदरे आणि स्वायत्त संस्था त्यात आल्या. पुढे वस्तूंच्या मोठ्या खरेदीचीही तपासणी संघटनेकडे आली.

रचना मात्र आटोपशीर राहिली. मुख्य अभियंत्याच्या दर्जाचे दोन मुख्य तांत्रिक परीक्षक, त्यांच्या हाताखाली तांत्रिक परीक्षक व सहायक, असा हा आकृतिबंध. नवी दिल्लीतील आयएनए भागातल्या सतर्कता भवनातून, म्हणजे आयोगाच्याच इमारतीतून, कारभार चालतो. अधिकारी बहुतेक प्रतिनियुक्तीवर येतात, ठरलेली मुदत पुरी करतात आणि आपापल्या मूळ खात्यात परततात. या पद्धतीचा फायदा उघड आहे. ज्याने स्वतः दहा-पंधरा वर्षे एमबी लिहिली आणि तपासली, त्याला खोटी मोजमापे वासावरून कळतात. अडचणही तितकीच उघड आहे, कारण आज ज्यांच्या चुका काढायच्या त्यांच्यातच उद्या जाऊन बसायचे असते. यावर संघटनेने फारसा उपाय शोधल्याचे दिसत नाही. अधिकारी वेगवेगळ्या सेवांमधून घेणे एवढाच तोडगा वापरात राहिला.

देशभरातल्या हजारो कामांतून तपासणीची कामे निवडण्यासाठी संघटना तिमाही प्रगती अहवालांवर अवलंबून असते. प्रत्येक संस्थेचा मुख्य दक्षता अधिकारी ठरावीक रकमेवरच्या चालू कामांची यादी दर तीन महिन्यांनी पाठवतो. स्थापत्य, विद्युत, उद्यान आणि खरेदी या प्रत्येकाची रकमेची मर्यादा वेगळी असते आणि ती वेळोवेळी वाढवली गेली आहे. कामाची किंमत आणि त्यात गडबडीला किती वाव आहे, हे पाहून निवड होते. मग संस्थेकडून अंदाजपत्रकापासून ताज्या बिलापर्यंतचे दप्तर मागवले जाते, आणि ते वाचून झाल्यावर पथक जागेवर येते. संघटनेच्या भाषेत ही ‘सघन तपासणी’.

या तपासणीत नवल वाटावे असे काही नसते. जे असते ते चिकाटीचे असते. नमुने संस्थेच्या आणि कंत्राटदाराच्या प्रतिनिधींसमोर घेतले जातात, सील केले जातात आणि प्रयोगशाळेकडे जातात. सळई वजन करून पाहिली जाते, कारण जाडीत किंचित कमी असलेली सळई डोळ्यांना दिसत नाही, पण शेकडो टनांच्या कामात तिचे पैसे होतात. झालेल्या काँक्रीटसाठी हिशेबाने किती सिमेंट लागायला हवे ते काढून गोदामाच्या नोंदवहीशी ताडले जाते. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे घन अठ्ठावीस दिवसांनी दाबयंत्राखाली फोडून त्याची ताकद काढतात. त्या चाचण्यांच्या वहीत प्रत्येक घनाचा निकाल जवळजवळ सारखाच दिसला, तर अनुभवी परीक्षक तिथेच थांबतो. खऱ्या काँक्रीटचे निकाल थोडे वरखाली होतातच. टेबलावर बसून लिहिलेले आकडेच इतके शिस्तीत उभे राहतात. चाचणीची तारीख सुटीच्या दिवशी पडलेली असणे किंवा काँक्रीट ओतण्याच्या तारखेशी तिचा मेळ न बसणे, अशा बारीकसारीक गोष्टींतूनही अहवालातले परिच्छेद उभे राहिले आहेत.

अहवाल संबंधित संस्थेच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे जातो. त्यातले काही मुद्दे दुरुस्तीचे असतात आणि काही वसुलीचे. काहींत हेतूबद्दलच शंका असते. अशा मुद्द्यांत ‘दक्षतेचा पैलू’ आहे असे मानले जाते आणि ते चौकशीसाठी वेगळे काढले जातात. चौकशी मुख्य दक्षता अधिकारी करतो, त्यावर आयोग सल्ला देतो आणि कारवाई शेवटी त्या संस्थेचे शिस्तभंग अधिकारीच करतात. थोडक्यात, संघटना वस्तुस्थिती शोधून मांडते. शिक्षा देण्याचा, अटकेचा किंवा खटला भरण्याचा अधिकार तिला कधीच नव्हता. तिची निष्पत्ती मोजताना हे विसरले जाते. तिच्या कामाचा बराचसा भाग कंत्राटदाराच्या बिलातून कापलेल्या रकमांच्या आणि पाडून पुन्हा बांधलेल्या भिंतींच्या रूपात विखुरलेला आहे आणि त्याची बातमी होत नाही. मनुष्यबळ अपुरे पडते म्हणून मुख्य दक्षता अधिकाऱ्यांनी आपापल्या संस्थेत याच धर्तीवर तपासण्या कराव्यात, असेही आयोगाने सांगितले. मुख्य तांत्रिक परीक्षक या पदाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून अभियंत्यांच्या बोलण्यात त्यांना ‘सीटीई टाइप’ तपासणी म्हणतात. संघटनेचे नाव असे एका पद्धतीला चिकटले.

पहिल्या तीन-चार दशकांत परीक्षकांचे लक्ष प्रामुख्याने भिंतीकडे होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते कागदाकडे वळले. १८ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीत नारायण खटल्यात आयोगाला वैधानिक दर्जा देण्याचा आदेश दिला; १९९८ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी एन. विठ्ठल केंद्रीय दक्षता आयुक्त झाले. त्यांनी १८ नोव्हेंबर १९९८ च्या परिपत्रकाने निविदा उघडल्यानंतरच्या वाटाघाटींवर बंदी घातली. अपवाद ठेवला तो फक्त सर्वांत कमी दराच्या निविदाकाराचा. मार्च २००७ मध्ये तो अपवादही अगदी विशेष परिस्थितीपुरता उरला. पुढच्या परिपत्रकांची विषयसूची पाहिली तर तांत्रिक परीक्षकांच्या अहवालांत वारंवार काय सापडत होते ते कळते. विशिष्ट कंपनीलाच बसतील अशा पात्रतेच्या अटी घातल्या जात, म्हणून डिसेंबर २००२ मध्ये त्या प्रमाणात बांधल्या गेल्या: अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन समान कामे, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक. कंत्राटदार सुरुवातीची उचल घेऊन ती दुसऱ्याच कामात फिरवत, म्हणून उचलीवर व्याज लावावे आणि तिची वसुली कामाच्या प्रगतीशी न जोडता ठरलेल्या तारखांनी करावी, असे सांगितले गेले. निविदा संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश २००३ चा. निविदेविना थेट नेमून काम देण्याला २००७ मध्ये लगाम घातला गेला.

या काळातल्या निष्कर्षांपैकी एक प्रकार सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण त्यात कुठेही निकृष्ट काम नसते, खोटी सही नसते, तरीही सरकारचे पैसे जातात. समजा, एका कामात मुरमाचे खोदकाम १०,००० घनमीटर आणि कठीण खडकाचे १,००० घनमीटर धरले आहे. पहिल्या निविदाकाराने मुरमाला १०० आणि खडकाला १,५०० रुपये दर दिला; एकूण २५ लाख. दुसऱ्याने अनुक्रमे १५० आणि १,१०० दिला. एकूण २६ लाख. पहिला कमी दराचा म्हणून काम त्याला मिळते. प्रत्यक्षात मुरूम ८,००० घनमीटर आणि खडक ३,००० घनमीटर निघतो. आता पहिल्याचे बिल होते ५३ लाखांचे; दुसऱ्याच्या दराने तेच काम ४५ लाखांत झाले असते. जमिनीखाली किती खडक आहे याची माहिती कार्यालयातल्या कुणी पहिल्याला आधीच दिली होती, की चाचणीची भोके न घेताच अंदाजपत्रक केले गेले, हे शोधणे अवघड. म्हणूनच परिमाणे बदलली की तुलनात्मक तक्ता नव्याने मांडून क्रम उलटतो का ते पाहण्याची शिस्त परीक्षकांनी लावली. अंदाजपत्रक घाईत करणे हा सरकारी खात्यांत किरकोळ दोष मानला जातो. परीक्षकांच्या अनुभवात मात्र बहुतेक गैरव्यवहारांची पायाभरणी तिथेच झालेली दिसते.

२००३ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग अधिनियम मंजूर झाला आणि आयोगाला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला गया येथे सत्येंद्र दुबे यांची हत्या झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करणाऱ्या या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरप्रकारांबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिले होते आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ती पाळली गेली नाही. देशभर संताप उसळला. एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारदारांची माहिती स्वीकारण्याचे आणि त्यांची ओळख झाकण्याचे काम दक्षता आयोगाकडे दिले. तिमाही यादीतून काम निवडण्याच्या जुन्या पद्धतीला यामुळे एक पूरक मार्ग मिळाला. आतल्या माणसाची तक्रार थेट आयोगाकडे येऊ लागली आणि तांत्रिक स्वरूपाची असेल तेव्हा परीक्षकांच्या नजरेखालून जाऊ लागली.

संघटनेचे नाव सामान्य वाचकापर्यंत पोचले ते २०१० मध्ये, दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने. स्पर्धेशी निगडित डझनाहून अधिक कामांची तपासणी तिने केली आणि निष्कर्ष त्या वर्षीच्या जुलैअखेर वृत्तपत्रांत आले. वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांच्या कामांत चढे दर, अपात्र कंत्राटदारांना दिलेली कामे, निकृष्ट काँक्रीट आणि गुणवत्तेचे संशयास्पद दाखले आढळले होते. घाईचे कारण पुढे करून न बसणारे घटक दरांत मिळवले गेले, हा त्यांतला गंभीर मुद्दा. २१ सप्टेंबर रोजी जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळला आणि मजूर जखमी झाले. स्पर्धा त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत सुरू झाल्या. ऑक्टोबरमध्ये व्ही. के. शुंगलू समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी महालेखापालांचा अहवाल संसदेत आला. हे दोन्ही स्पर्धेनंतरचे. संघटनेचे निष्कर्ष स्पर्धेआधी हातात होते, यातच १९५७ च्या कल्पनेचे बळ दिसते आणि मर्यादाही. दोष वेळेत दिसला, पण उद्घाटनाची तारीख ठरलेल्या कामात तो थांबवण्याची ताकद कुणी दाखवली नाही.

दुसरी मर्यादा हद्दीची. मुंबई बंदर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे रस्ते किंवा सार्वजनिक बँकांच्या इमारती संघटनेच्या कक्षेत येतात. राज्य सरकारची धरणे आणि कालवे येत नाहीत. महाराष्ट्राला याचा अनुभव सिंचनाच्या प्रकरणात आला. मोठा खर्च होऊनही दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढल्याचे राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून पुढे आले. मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्राने वादाला तोंड फुटले. डिसेंबर २०१२ मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. केंद्रीय जलसंपदा सचिव राहिलेले आणि १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले चितळे हे या कामासाठी सर्वमान्य नाव होते. प्रशासकीय मान्यता, सुधारित किमती आणि निविदा यांतील अनियमितता दाखवणारा अहवाल २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला. त्यातले दोष मुख्य तांत्रिक परीक्षकांच्या परिपत्रकांत वर्षानुवर्षे वर्णिलेले होते. राज्याच्या खात्यांत दक्षता व गुणनियंत्रणाची मंडळे आहेत, पण ती त्याच खात्याच्या अधीन, म्हणजे १९६४ पूर्वी दिल्लीतली संघटना जिथे होती तिथेच आहेत.

संघटनेवरची सर्वांत रास्त टीका वेगळीच आहे. परिपत्रकांचा धाक इतका बसला की निर्णय घेणारे अधिकारी सर्वांत कमी दराच्या निविदेपलीकडे पाहायला धजेनासे झाले. ‘एल-वन’ला काम दिले की कुणी प्रश्न विचारत नाही. मग परवडणार नाही अशा दरात काम घेणारा कंत्राटदार ते अर्धवट सोडतो, किंवा जादा बाबींच्या दाव्यांतून तोटा भरून काढतो. ही टीका आयोगाला मान्य झाली असावी. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अर्थ मंत्रालयाने सार्वजनिक खरेदी व प्रकल्प व्यवस्थापनाबद्दल ज्या सर्वसाधारण सूचना जारी केल्या, त्यांचा मूळ मसुदा आयोगाच्याच पुढाकाराने तयार झाला होता. गुणवत्ताप्रधान ठरवलेल्या कामांत दराखेरीजच्या निकषांना तीस टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा त्यांत आली. अडलेल्या बिलांचाही विचार झाला: चालू बिल सादर झाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत पात्र रकमेचे ७५ टक्के द्यावेत आणि उरलेली रक्कम अंतिम तपासणी करून २८ कामकाजी दिवसांच्या आत द्यावी.